हो, चिठ्ठ्याच टाकतात! मामीच्या फॉरवर्डला उत्तर

काल रात्री फॅमिली ग्रुपवर मामीने एक लांबलचक हिंदी मेसेज टाकला, खाली "सबको भेजो" आणि हात जोडलेले सात इमोजी. एरवी मी असलं काही वाचतच नाही, पण मामाला शुगरच्या एका ट्रायलसाठी, म्हणजे नवीन गोळी माणसांवर तपासून बघतात त्या अभ्यासासाठी, विचारलंय, फॉर्म घरी वाचायला दिलाय, आणि हा मेसेज वाचून मामी तो रद्दीत टाकायला निघाली. मामाने ट्रायलमध्ये जावंच असं माझं अजिबात म्हणणं नाही, नको तर नको, पण ह्या कारणांसाठी नको.

मेसेज म्हणतो, कोणाला काय द्यायचं ते डॉक्टर बघतच नाहीत, कॉम्प्युटर चिठ्ठी काढतो, म्हणजे जिवाशी जुगार. अहो, चिठ्ठी काढतात म्हणूनच तर त्या अभ्यासावर भरवसा ठेवायचा! पूर्वी टीबी झाला की सॅनेटोरियम, म्हणजे टीबीचं खास रुग्णालय, तिथे चांगलं खाणं, आराम, नर्स, आणि गरिबाला खाट मिळायची मारामार. 1956 मध्ये मद्रासच्या टीबी संशोधन सेंटरने पेशंटांचे चिठ्ठीने दोन गट पाडले, एक सॅनेटोरियममध्ये, दुसरा आपापल्या दाटीवाटीच्या घरात, औषधं दोघांना तीच, वर्षभर. हे डॉक्टरांच्या मर्जीवर सोडलं असतं तर जास्त खंगलेला माणूस त्यांनी दयेपोटी सॅनेटोरियममध्येच धाडला असता, मग तिथे कमी लोक बरे झाले की दोष खाटेचा की आजाराचा हे कोण सांगणार? चिठ्ठी कोणाची दया करत नाही. 1959 ला निकाल छापून आला: घरचे जवळपास तितकेच बरे झाले, आणि पुढच्या अहवालात त्यांच्यामुळे घरातल्या बाकीच्यांना टीबी जास्त झाला असंही दिसलं नाही. आज टीबीचा पेशंट घरी राहून गोळ्या घेतो त्यामागे ह्या चिठ्ठ्या आहेत.

पुढे म्हणे "100 जणांनी काढा प्यायला, 90 जणांची शुगर उतरली, ट्रायल कशाला?" काढा न पिणारे 100 कुठे आहेत? माणूस काढा कधी सुरू करतो, रिपोर्ट सगळ्यात वाईट येतो तेव्हा, आणि सगळ्यात वाईट आकडा पुढच्या वेळी बहुतेक थोडा खाली येतोच. वर त्याच दिवसापासून पोह्यांबरोबरची जलेबी बंद, सराफ्यातली खाण्याची चक्कर बंद, संध्याकाळी फिरणं सुरू. श्रेय मात्र काढ्याला. मामानेच मागच्या दिवाळीनंतर हे केलं होतं, विचारा त्याला.

औषध नसलेल्या साखरेच्या गोळ्या देऊन मरायला सोडतात, हेही आहे मेसेजात. मामाचा फॉर्म मी वाचला, त्याची आत्ताची गोळी चालूच राहणार आहे, तिच्यावर नवीन गोळी किंवा तशीच दिसणारी खोटी. चांगला इलाज असताना तो काढून घेऊन नुसती खोटी गोळी देणं, जिवाला धोका असेल तर, नियमात बसत नाही. आणि "सही केली की अडकलात" हे तर साफ खोटं, कारण न सांगता कधीही बाहेर पडता येतं.

आता एक मान्य करावं लागतं, नाइलाजाने. गरिबांना न सांगता ट्रायलमध्ये घेतात हा आरोप हवेतला नाही, आपल्या इंदुरातच तो झाला, स्वास्थ्य अधिकार मंच ही संस्था 2012 मध्ये सुप्रीम कोर्टात गेला, आणि 2013 मध्ये संमती घेताना ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंगचा नियम आला (2015 मध्ये तो काही ठराविक ट्रायलपुरताच ठेवला). म्हणजे भीती खोटी नाही, पण त्यावर उपाय प्रश्न विचारणं हा आहे, काढा नाही. सरकारी रजिस्ट्रीत ट्रायलची नोंद आहे का (2009 पासून सक्तीची आहे), काही झालं तर खर्च कोण देणार, एथिक्स कमिटीचा, म्हणजे पेशंटच्या हिताकडे लक्ष ठेवणाऱ्या समितीचा, फोन कुठे लिहिलाय, हे मामाने विचारावं, आणि उत्तर देताना कोणी गुळमुळीत बोललं तर सरळ उठून यावं.

मामी, रविवारी येतो. फॉर्म तेवढा रद्दीतून बाहेर काढून ठेव.