सात जण बसले, बॅगा कुठे ठेवू?

सात सीटर म्हणून गाडी विकता, मग सात जणांच्या बॅगा कुठे ठेवायच्या ते का नाही सांगत? तिसरी रांग उभी असली की अर्टिगात मागे 209 लिटर जागा उरते. ट्रायबरमध्ये 84! चार दप्तरं ठेवली की संपलं. आणि शोरूममध्ये गाडी दाखवणार मात्र मागची सीट पाडून. "केवढी डिकी बघा!" अहो, सीट पाडली तर आजी बसणार कुठे?

मुळात आजीला मागे बसवताच का? तिथे फरशी उंच, सीट बुटकी. गुडघे वर येतात, मांडी अधांतरी राहते, आणि खाली मागचं चाक, म्हणजे प्रत्येक खड्डा थेट कमरेत. मधल्या रांगेत बाळाची आयसोफिक्स सीट (गाडीच्या सीटमधल्या लोखंडी कड्यांना अडकवतात ती) बसवली की ती बाजू दुमडत नाही. दोन्ही बाजूंना दोन बाळं असतील तर मागे जायचं कुठून, डिकीतून?

मग बॅगा कॅरियरवर. छताला किती वजन चालतं ते पुस्तकात छापलंय, वाचतं कोण? भरल्या गाडीसाठी टायरमध्ये किती हवा हवी तो आकडा दाराजवळच्या स्टिकरवर असतो. तोही कोणी बघत नाही. कमी हवेवर सात माणसं घेऊन घाटात निघतात, टायर तापणार नाही तर काय होणार?

आणि मागची हेडरेस्ट वर ओढा हो! खाली दाबलेली असली की ती पाठीत टोचते. मागून धक्का बसला तर मानेला टेकायला काहीच नसतं.