पांढरीचं टेकाड आणि जेसीबीचा सल्ला

नागपूर जिल्ह्यातल्या गावांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतोय. त्याचं सार असं: गावाबाहेरच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडावर पुरातत्त्ववाले ब्रश घेऊन वर्षानुवर्षं बसतात. जेसीबी लावला तर चार दिवसांत सगळं वर येईल. जितकं खोल तितकं जुनं, शंका आलीच तर कार्बन टेस्ट आहेच. आणि अर्धं टेकाड न खोदता सोडतात, म्हणजे खाली सोनं असणार. लिहिणाऱ्याला गावाच्या इतिहासाची ओढ आहे हे दिसतं. पण हे ऐकून कुणी खरंच यंत्र लावलं, तर तो इतिहास कायमचा जाईल. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

चार दिवसांत माती निघेल, यात वाद नाही. प्रश्न त्या मातीत काय शोधायचं हा आहे. कुडाच्या घराचा खांब कधीच कुजून गेलेला असतो. उरतो तो खांबखळगा: दहा-पंधरा सेंटिमीटर व्यासाचं, आजूबाजूपेक्षा जरा काळपट, भुसभुशीत वर्तुळ. शेणामातीनं सारवलेली जमीन बोटभर जाडीची असते आणि अशा चार-पाच जमिनी एकावर एक सापडतात. जेसीबीच्या एका ओढीत हातभर माती येते. म्हणजे काही पिढ्यांची घरं एकाच ओढीत मिसळली. पारशिवनी तालुक्यातल्या नैकुंडला १९७८ ते ८० दरम्यानच्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. विटांचा गोल, भात्याच्या मातीच्या नळ्या आणि लोहकीट, म्हणजे लोखंड गाळून उरलेला मळ, जागच्या जागी होते म्हणून ती भट्टी ठरली. हेच तुकडे ट्रॉलीतून बाहेर पडले असते तर नुसता राडारोडा दिसला असता.

आता वेळ कुठे जातो ते बघा. नेहमीची पद्धत अशी की ५ मीटरचा चौकोन आखायचा, चारही बाजूंनी अर्धा मीटर सोडायचा आणि आतला ४ बाय ४ खोदायचा. शेजारच्या चौकोनाचाही अर्धा मीटर धरला की मध्ये एक मीटर जाडीची न खोदलेली भिंत राहते. थर वाचायचे ते तिच्यावर. या चौकोनात १० सेंटिमीटर उतरायचं म्हणजे १.६ घनमीटर माती, साधारण दीडशे घमेली, आणि ती चाळणीतून काढायची. कुही तालुक्यातल्या अडमला ‘अस्सक जनपद’ या प्राचीन राज्याचा उल्लेख असलेली मातीची मुद्रा मिळाली. एवढीशी वस्तू यंत्राच्या ढिगात कुणाला दिसणार? ब्रशचं म्हणाल तर तो फोटोआधीच्या सफाईला लागतो. ओल्या मातीवर फिरवला तर रंगातला फरक पुसला जातो. खरं काम हातकुदळ, खुरपी आणि गवंड्याच्या करणीचं.

‘जितकं खोल तितकं जुनं’ हा सगळ्यात पटणारा आणि सगळ्यात फसवा मुद्दा. एक मातीची भिंत एका पावसाळ्यात ढासळली की अर्धा मीटर भर पडते. उलट वस्ती उठून गेली तर शेकडो वर्षांत जेमतेम वीतभर साचते. टेकाडाच्या उतारावर थरही तिरके असतात, त्यामुळे मधल्या चौकोनात चार मीटरवर असलेला थर कडेला एका मीटरवर भेटतो. म्हणून खोदायचं ते थराप्रमाणे. खोली फक्त नोंदीला.

त्यात पेव असतात. सातवाहन काळातल्या माणसानं धान्यासाठी दोन मीटर पेव खणलं, तर त्याच्या काळाची खापरं त्याहून जुन्या लोहयुगाच्या जमिनीच्या पातळीला जाऊन बसतात. पेवातून काढलेली जुनी माती त्यानं बाजूला टाकली, म्हणजे जुनी खापरं नव्या थराच्या वर. पेवाची कड ओळखून आधी ते रिकामं करायचं, त्यातल्या खापरांची पिशवी वेगळी ठेवायची, मगच थराला हात लावायचा. कड दिसत नसेल तर जमीन खरवडून पाण्याचा हलका फवारा मारायचा आणि सकाळच्या तिरप्या उन्हात बघायचं. भर दुपारी नागपूरच्या उन्हात सगळी माती एकाच रंगाची दिसते.

आणि आपली काळी माती! उन्हाळ्यात तिला पडणाऱ्या भेगा मीटरभर खोल जातात. वरचं खापर, मणी, कधी नाणंसुद्धा त्यातून खाली घरंगळतं. घुशींची बिळं वेगळीच. एकट्या वस्तूवरून थराचा काळ ठरवायचा नाही, हा नियम यातूनच आला.

कार्बन टेस्ट म्हणजे वस्तूतल्या कार्बनवरून तिचा काळ काढणं. ती दगडाची होत नाही, तांब्याची होत नाही, लोखंडाची सहसा होत नाही. लागतो कोळसा, जळकं धान्य किंवा हाड. कोळसा सागाच्या जुन्या तुळईचा असेल तर तारीख घराची येत नाही, झाडाच्या खोडातल्या त्या वाढीच्या कड्यांची येते, म्हणून जळका दाणा अधिक विश्वासाचा. तो मिळवायला राखेची माती पाण्याच्या पिंपात ढवळून वर तरंगणारं अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीत धरतात आणि सावलीत वाळवतात; उन्हात दाणे तडकतात. नमुना चिमट्यानं उचलायचा, ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये ठेवायचा, कापसात नाही. इतकं करूनही विदर्भात एक अडचण उरतेच: इसवी सनपूर्व ८०० ते ४०० या काळात कार्बनच्या तारखा दुरुस्त करायचा आलेख जवळजवळ सपाट आहे, म्हणजे वेगवेगळ्या शतकांतल्या वस्तूंचं मोजमाप जवळपास सारखंच येतं. आपली शिळावर्तुळं (दफनांभोवती रचलेली मोठ्या दगडांची वर्तुळं) आणि लोहयुगीन वस्त्यांचा मोठा भाग नेमका त्याच काळातला. उत्तर येतं ते तीन-चारशे वर्षांच्या पट्ट्यात. तो पट्टा अरुंद करायला एकावर एक थरांतले अनेक नमुने लागतात, म्हणजे पुन्हा न विस्कटलेले थरच.

सोन्याबद्दल थोडक्यात. पांढरीवर निघतात खापरं, हाडं, राख. आणि जमिनीत दडलेलं १० रुपयांवरचं काही मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८च्या कायद्यानं बंधनकारक आहे. अर्धं टेकाड सोडतात कारण खोदलेला थर परत रचता येत नाही, आणि हाडांतून डीएनए काढता येईल हे पन्नास वर्षांपूर्वी खोदणाऱ्यांना ठाऊक नव्हतं; तसंच पुढच्या तंत्रांसाठी काही राखून ठेवतात. खोदलेले चौकोनही उघडे ठेवत नाहीत. तळाला प्लास्टिक अंथरून, वाळू टाकून बुजवतात. नाहीतर पहिल्या पावसात भिंती बसतात.

पांढरीची माती शेतात टाकायला, घर सारवायला नेणं थांबवा. नांगराला रांजण किंवा हाड लागलं तर उपसू नका. बाजूला पट्टी ठेवून जागेवरच फोटो घ्या, गट क्रमांक टिपा आणि तलाठ्याला किंवा नागपूरच्या पुरातत्त्व कार्यालयाला कळवा. तोवर वर गोणपाट टाकून माती लोटून ठेवा.