जरा बघशील का? छोटासाच बदल आहे

कोड तपासायला देताना सहकाऱ्याचं हे वाक्य कानावर पडलं की माझ्या पोटात गोळा येतो. छोटासा बदल म्हणजे ४३ फायली. त्यातल्या ४० मध्ये टॅब जाऊन स्पेस आल्यात, कारण सेव्ह करताना एडिटरला स्वच्छतेचा झटका आला. उरलेल्या तीनपैकी कुठेतरी 'पेक्षा कमी'चं 'पेक्षा कमी किंवा समान' झालंय, आणि ते एकुलतं एक बरोबरचं चिन्ह हुडकणं माझ्या नशिबी. डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या कोडमधला फरक दाखवणाऱ्या पानावर, 'व्हाइटस्पेस (रिकाम्या जागा) लपवा' केलं की पसारा आवरतो खरा, पण पायथॉनमध्ये ही युक्ती अंगाशी येते. तिथे चार स्पेस सरकल्या की लूपच्या (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या तुकड्याच्या) आतली ओळ बाहेर पडते, आणि आपण नेमकं तेच लपवून बसलेलो असतो.

कमिटचं, म्हणजे नोंदवलेल्या बदलाचं, शीर्षक काय, तर 'फिक्स'. पुढचा 'फिक्स २'. त्यापुढचा 'आता तरी चाल रे बाबा'. हा त्यातल्या त्यात प्रामाणिक. काय बदललं ते डिफ सांगतोच हो, का बदललं ते सांगा! पहिली ओळ ५० अक्षरांच्या आसपास, मग एक ओळ कोरी, मग कारण. कोरी ओळ विसरलात तर गिट (हा बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) खालचा मजकूरही शीर्षकातच ओढतं.

सोबत टेस्ट (कोड नीट चालतो का ते आपोआप तपासणारा कोड) आहे म्हणे, हिरवीगार, म्हणजे पास. मी दुरुस्ती काढून तीच टेस्ट चालवतो. तरीही हिरवी! म्हणजे ती बग पकडायला नव्हे, नुसती हजेरी लावायला आलीय. दुसरीत 'दोन सेकंद थांब' लिहिलंय. लेखकाच्या लॅपटॉपवर काम दीड सेकंदात उरकतं. सीआयच्या, म्हणजे सगळ्यांच्या टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेच्या, गर्दीत अडीच लागतात, टेस्ट पडते, कुणीतरी 'पुन्हा चालव' दाबतं, ती पास होते आणि सगळे हात जोडतात. अहो, काम झालं का ते थोड्या थोड्या वेळानं विचारत राहा, वर कमाल मर्यादा ठेवा.

एवढं सांगितल्यावर उत्तर येतं, "पुढच्या वेळी वेगळं करतो." पुढची वेळ उगवते ती बग कुठल्या कमिटमध्ये शिरला ते शोधणारं 'गिट बायसेक्ट' चालवताना. दर फेरीला निम्मे कमिट बाद करत, हजारातून दहाएक फेऱ्यांत ते गुन्हेगाराच्या दारात नेऊन उभं करतं. दार उघडावं, तर आत ४३ फायली मांडी घालून बसलेल्या!

खरं तर कमिटसाठी बदल निवडणाऱ्या 'गिट ॲड'च्या पॅच मोडमध्ये तुकड्यातुकड्याला हो-नाही म्हणत बदल वेगळे काढता येतात. फॉर्मॅटिंगचा कमिट निराळा ठेवावा आणि त्याचा हॅश (ओळख-खूण) ब्लेमच्या, म्हणजे कुठली ओळ शेवटची कुणी बदलली ते सांगणाऱ्या गिटच्या सोयीच्या, दुर्लक्ष-यादीत टाकावा. नाहीतर वर्षभरानं ओळीओळीवर स्पेस टाकणाऱ्याचंच नाव झळकतं, आणि ज्या ओळी त्यानं कधी वाचल्याही नाहीत, त्यांचा जाब त्यालाच विचारला जातो.