काकांचा लेखनिक

एकादशीच्या दिवशी आमच्या काकांच्या हाती मोबाइल देऊ नये. पोटात नुसता चहा, आणि समोर रील. एक बाई हसत हसत साबुदाण्याच्या खिचडीत कांदा परततेय, वर हळद टाकतेय आणि म्हणतेय, 'उपवास स्पेशल'!

काकांना मोबाइलवर टाइप करता येत नाही. संताप त्यांचा, बोटं माझी. "लिही! 'बाई, आपल्या घरी कुणी वडीलधारं आहे की नाही?' लिहिलंस? उद्गारचिन्ह दे. तीन दे."

"काका, ती मुद्दाम करतेय. याला रेज बेट म्हणतात, म्हणजे राग आणायला लावलेलं आमिष. माणूस चिडला की लिहितो, लिहिलं की रील आणखी पसरते. ऑक्सफर्डच्या शब्दकोशवाल्यांनी २०२५ चा 'वर्षाचा शब्द' म्हणून हेच निवडलं."

काका ऐकतायत असं वाटल्याने मी वाहवत गेलो. हा शब्द २००२ मध्ये यूजनेटवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चा-गटांत दिसला, तो गाडीवाल्यांच्या संदर्भात. मागच्याने दिवे मारून वाट मागितली की पुढच्याचं डोकं फिरतं, त्याबद्दल. (काकांनी स्कूटरवरून कुणाला वाट दिल्याचं आमच्या घरात कुणालाच आठवत नाही.) 'रेज'चं मूळ लॅटिन 'रेबीज'. 'बेट'चं मूळ चावायला लावणं. इंग्लंडात साखळदंडाने बांधलेल्या अस्वलावर कुत्री सोडून लोक मजा बघत, त्या खेळाच्या नावातही हेच 'बेट'. १८३५ मध्ये कायद्याने तो बंद झाला.

"म्हणजे मी कुत्रा की अस्वल?"

मला त्याच घरात जेवायचं असतं, म्हणून मी घाईघाईने फेसबुककडे वळलो. कुठली पोस्ट किती पसरवायची, या त्यांच्या हिशेबात २०१७ मध्ये रागावलेल्या चेहऱ्याच्या इमोजीलाही पाच लाइकांचं वजन होतं. २०२० मध्ये ते शून्यावर आणलं.

"शून्य? माझ्या रागाला?" काका दुखावले. मग म्हणाले, "बरं, तिला 'छान' असं लिही."

"तेही मोजतात, काका."

"मग काय गप्प बसू?" हे त्यांनी अशा आवाजात विचारलं की शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली.

थोडा वेळ शांतता. मला वाटलं, सुटलो.

"वर्षाचा शब्द म्हणालास ना? रेज. बेट. हे दोन झाले!"

"चालतात म्हणे. २०२४ चा 'ब्रेन रॉट'सुद्धा दोनच."

"लागोपाठ दोन वर्षं? आणि कुणी काही बोललं नाही? खिचडी राहू दे. ऑक्सफर्डचा पत्ता काढ आणि लिही, 'संपादक महोदय, स. न. वि. वि.'..."