बंड्याचा बॉट आणि अंजूची पीओ फाइल

"ते जपानी रुसले, त्यात आपल्याला काय?" बंड्यानं बसता बसताच तोंड उघडलं.

बंड्या म्हणजे आमच्यातला एकमेव 'लीडरशिप'वाला. कुठल्याशा कंपनीत डिलिव्हरी बघतो. चहा मागवतानाही 'ऑप्शन्स काय आहेत' विचारतो आणि शेवटी कटिंगच घेतो. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलानं आपल्या मदत-लेखांच्या जपानी भाषांतरावर एआयचा बॉट सोडला आणि वर्षानुवर्षं ते फुकट करणाऱ्या गटाचा प्रमुख काम सोडून गेला, ते प्रकरण कट्ट्यावर सगळ्यांना पाठ होतं, कारण अंजूनं ग्रुपवर टाकून टाकून जीव काढला होता. अंजू रात्रीची जेवणं उरकली की मुक्त सॉफ्टवेअरचं मराठी करत बसते. फुकट. 'कशाला?' असं तिला तोंडावर विचारणारा आमच्यात एकटा बंड्याच. बाकीच्यांना जीव प्यारा आहे.

"अगं, भाषांतर कुणी केलं याच्याशी युजरला काय घेणंदेणं? एआयला दे, एका रात्रीत शंभर टक्के. २०२४ला अभिजात दर्जा मिळाला मराठीला, आणि अजून मेनू अर्धे इंग्रजीत. मला तर लाज वाटते."

"तुझ्या फोनची भाषा कुठली रे?" कामतनं विचारलं.

"तो वेगळा विषय आहे."

सुनील खदखदून हसला. अंजू हसली नाही. "शंभर टक्क्यांचं मला सांगू नकोस. ग्नोम म्हणजे लिनक्सचा डेस्कटॉप, त्याच्या भाषांतरांची टक्केवारी जिथं लागते त्या साइटचं नावच 'डॅम्ड लाइज', म्हणजे धादांत खोटं, असं आहे. ठेवणाऱ्यानं जाणूनबुजून ठेवलंय. हे बघ, स्ट्रिंग म्हणजे प्रोग्राममधलं एकेक वाक्य. भाषांतर न झालेली रिकामी स्ट्रिंग पडद्यावर इंग्रजीत दिसते. माणूस चरफडतो, पण फसत नाही. आणि काम बाकी आहे हे मलाही कळतं. बॉटनं सगळं भरून टाकलं की चूक कुठं लपलीय ते शोधायला पहिल्यापासून सगळं वाचायचं. ते वाचायला कोण येणार? काम तर झालेलंच दिसतंय!"

"रिव्ह्यू प्रोसेस ठेवायची," बंड्या म्हणाला. हे वाक्य तो लग्नाच्या पंगतीतही म्हणू शकतो.

"होती की! गेटटेक्स्ट हा भाषांतराचा प्रोग्राम १९९५चा आहे. मूळ इंग्रजी वाक्य थोडं बदललं की तो जुनं भाषांतर अंदाजानं जुळवून ठेवतो, पण वर 'फझी', म्हणजे धूसर, म्हणून शिक्का मारतो. माणसानं बघून शिक्का काढेपर्यंत ते वाक्य पडद्यावर जात नाही. तीस वर्षांपूर्वीच्या प्रोग्रामला कळत होतं की आपला अंदाज हा अंदाजच आहे. आणि त्या जपान्यांच्या गळ्यात मारलेला बॉट? ७२ तास कुणी काही बोललं नाही की आपला आपण मंजूर."

"आमच्या सोसायटीची वार्षिक सभा," सुनील म्हणाला. "कुणी हरकत न घेतल्यानं ठराव सर्वानुमते संमत."

सुनील एकदा सोसायटीवर घसरला की पार्किंगपर्यंत जाऊनच थांबतो. तो गेलाच. त्यातून त्याला परत आणेस्तोवर दुसरा चहा आला.

तेवढ्यात अंजूनं फोनवर एक पीओ फाइल, म्हणजे इंग्रजी वाक्यं आणि त्यांची भाषांतरं असलेली फाइल, उघडून बंड्याच्या नाकासमोर धरली. "हे कर. 'वेदर इन', पुढे टक्का-एस. टक्का-एसच्या जागी गावाचं नाव येणार."

"सोप्पं आहे. टक्का-एस मधील हवामान."

"छान. 'पुणे मधील हवामान'. 'सातारा मधील हवामान'. सामान्यरूप कोण करणार, तुझा आत्तेभाऊ?"

बंड्यानं चहाचा घोट घेतला.

"मी तिथं 'हवामान', मग कोलन, मग टक्का-एस केलं. विभक्तीच उडवली. काम दोन मिनिटांचं. पण कोलन खपेल की नाही हे बघायला ती स्ट्रिंग पडद्यावर कुठं येते ते प्रोग्राम उघडून बघावं लागतं. दुसरीकडे गावाच्या जागी माणसाचं नाव येतं, तिथं 'आला' का 'आली' हा घोळ. नवी पोरं असल्याच फुटकळ वाक्यांवर शिकतात. ती वाक्यंच बॉटनं खाल्ली तर शिकणार कशावर? तो जपानी माणूसही हेच सांगून गेला."

"पण अंजू, अशी पोरं आहेत किती?"

बंड्यानं आयुष्यात विचारलेला हा बहुधा एकच बरा प्रश्न. अंजू थोडी थांबली. मग म्हणाली, "थोडी आहेत. भारतीय लिप्यांचे लोहित फॉन्ट घे, फ्यूएलची सॉफ्टवेअरच्या शब्दांची यादी घे, ही कामं रेड हॅट कंपनीच्या पैशानं झाली आणि त्यातलं कितीतरी याच पुण्यात झालं. पगार मिळाला की भाषाप्रेमसुद्धा सकाळी साडेनऊला वेळेवर हजर होतं. बाकीच्यांचं रात्री अकरानंतर."

कामतला राहवलं नाही. "दक्षिण आफ्रिकेत बघ रे. २००१मध्ये एक संस्था निघाली, झुझा-बिझा काय असेल ते नाव..."

"ट्रान्सलेट डॉट ओआरजी डॉट झेडए," अंजू म्हणाली.

"तेंच तें. तेव्हा अकरा राजभाषा, अकराच्या अकरा भाषांत ओपनऑफिस, म्हणजे फुकटचं वर्ड-एक्सेल. आणि त्यासाठी पूटल हे ऑनलाइन भाषांतराचं अवजार बनवलं, ते मग जगानं वापरलं."

"त्यांनी अवजार केलं. आपण पंधरवडा साजरा करतो," अंजू म्हणाली.

इथं बंड्यानं घात केला. कामतच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "तुम्ही कोकणीचं वेगळं कशाला करत बसता? मराठीच चालवा की तोपर्यंत."

कामतनं ग्लास खाली ठेवला. "बंड्या, गोवा महाराष्ट्रात घालायचा का ह्यावर १६ जानेवारी १९६७ला मतदान झालंय. ३४,०२१ मतांनी निकाल लागलाय. तुला सीसीत ठेवायला विसरले वाटतं."

"पण लिपी तरी ठरली का तुमची?" सुनीलनं काडी टाकली.

"देवनागरी, रोमी, कन्नड, मल्याळम, फारसी-अरबी. पाच लिप्यांत लिहितो आम्ही. एका मेनूचे पाच मेनू. आमचं भांडण नीट मावेल असं सॉफ्टवेअर अजून निघायचंय."

इतका वेळ मार खाऊन बंड्या पेटला. "तुमची मराठी सॉफ्टवेअरं मी भोगलीत! कॉलेजात हिनं माझ्या लॅपटॉपवर उबुंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी लिनक्स, मराठीतून टाकून दिलं. आठवतंय? मशीन बंद कसं करायचं तेच कळेना. शेवटी बॅटरी काढली मी! असलं अगम्य मराठी करता आणि वर एआयला नावं ठेवता."

त्या बॅटरीचा किस्सा आम्ही बंड्याच्या साखरपुड्यातही ऐकलाय. दर वेळी अंजू गप्प बसते. या वेळी नाही बसली.

"बंड्या, तेवढी एक स्ट्रिंग तेव्हा राहिली होती माझ्याकडून. तिथं इंग्रजीत 'शट डाउन' लिहिलेलं होतं."

सुनीलच्या नाकातून चहा आला. कामत कट्ट्यावर आडवा. बंड्या उठून पैसे द्यायला निघाला, तर कामत पडल्या पडल्या ओरडला, "अरे, बिल बघून दे! मराठीत आहे!"