‘तार तीच, खांब तोच, मग मानके कशाला बदलायची?’ या दाव्याचा प्रतिवाद

वीज वितरणाची तांत्रिक मानके अद्ययावत करण्याचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचे सार असे: विजेचे नियम बदललेले नाहीत, जुन्या मानकांवर बांधलेली जाळी आजही चालतात, नवी उपकरणे स्वतःला सांभाळून घेतात, आणि मानक बदलले की चालू जाळे उखडावे लागते, म्हणजे फायदा फक्त माल विकणाऱ्यांचा. चारही मुद्दे तपासून पाहू.

‘विजेचे नियम बदललेले नाहीत’

खरे आहे. जमिनीपासून तारेचे अंतर, इन्सुलेटरची लांबी, अर्थिंगचा रोध यांसारख्या गोष्टींना उगाच हात लावू नये, हेही मान्य. पण मानकात नियमांसोबत गृहीतकेही असतात. जुन्या मानकांची गृहीतके तीन: वीज उपकेंद्राकडून घराकडेच वाहते, सगळी घरे एकदम पूर्ण भार घेत नाहीत, आणि प्रवाहाची लहर साधारण शुद्ध असते. आज तिन्ही डळमळीत झाली आहेत.

पहिलेच घेऊ. छतावरच्या ५ किलोवॉट सौर संचातून २३० व्होल्टवर सुमारे २२ अँपिअर बाहेर पडतात. ५० चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियम तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ०.६४ ओहम. ट्रान्सफॉर्मरपासून ३०० मीटरवरच्या घरासाठी फेज (वीज नेणाऱ्या तीन तारांपैकी एक) आणि न्यूट्रल (परतीची तार) मिळून ६०० मीटर, म्हणजे ०.३८ ओहम. एका घरामुळे टोकाला व्होल्टेज आठेक व्होल्टने चढते. अशी तीन घरे एकाच फेजवर असली तर वाढ २५ व्होल्ट. संध्याकाळची घट भरून काढायला ट्रान्सफॉर्मर आधीच २४० वर ठेवलेला असतो, त्यामुळे दुपारी टोकाला २६५ दिसतात. २३० च्या दहा टक्के वरची मर्यादा २५३ आहे. त्यामुळे सौर संचाचा इन्व्हर्टर (डीसी विजेची एसी करणारे यंत्र) जाळ्यापासून तुटतो, पुन्हा जोडतो, पुन्हा तुटतो.

तीच तीन घरे तीन वेगळ्या फेजवर वाटली तर समान निर्मितीच्या वेळी न्यूट्रलमधला प्रवाह जवळजवळ शून्य होतो आणि वाढ फक्त चारेक व्होल्ट राहते. तार तीच, संच तेच, फरक सहापट. पण कोणते घर कोणत्या फेजवर आहे, याची नोंद जुन्या पद्धतीत बहुधा नसतेच. ती ठेवणे सक्तीचे करायला मानकात एक ओळीचा बदल पुरतो.

‘जुनी जाळी आजही चालतात’

चालतात, कारण त्यांत राखीव क्षमता ठेवलेली होती. सध्या तीच खर्ची पडते आहे. १०० केव्हीए ट्रान्सफॉर्मरवर ४० घरे, एकत्रित कमाल मागणी घरटी २ किलोवॉट, म्हणजे ८० किलोवॉट, हिशेब बसतो. आता दहा घरांत ३२ अँपिअरचे वाहन चार्जर लावा. प्रत्येकी ७.४ किलोवॉट, आणि तेही तासन्‌तास. संध्याकाळी एकदम सुरू झाले तर बेरीज दीडशेच्या पुढे जाते. चार्जिंग रात्री ढकलले तर शिखर उतरते, पण ट्रान्सफॉर्मरला थंड व्हायला मिळणारे तास जातात. आयईसी ६००७६-७ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार साध्या कागदी इन्सुलेशनसाठी हॉट-स्पॉटचे (ट्रान्सफॉर्मरमधल्या सर्वांत तप्त जागेचे) संदर्भ तापमान ९८ अंश सेल्सिअस, आणि त्यापुढे दर ६ अंशांना झीज दुप्पट. ११० ला चौपट, १२२ ला सोळापट. ट्रान्सफॉर्मर त्या रात्री जळत नाही. कागद ठिसूळ होत जातो आणि पुढच्या एखाद्या शॉर्टसर्किटच्या धक्क्यात वाइंडिंग (आतले तारेचे वेटोळे) जाते. चौकशीत कारण ‘शॉर्टसर्किट’ असे लिहिले जाते.

न्यूट्रलची गोष्ट याहून गंभीर आहे. समतोल भारात न्यूट्रल रिकामा, म्हणून तो फेजच्या निम्म्या आकाराचा चालेल, हा जुना हिशेब. एलईडी दिवे, संगणक, चार्जर यांच्या प्रवाहात तिसरा हार्मोनिक (मूळ लहरीच्या तिप्पट वारंवारतेची लहर) असतो आणि तिन्ही फेजचे तिसरे हार्मोनिक न्यूट्रलमध्ये एकमेकांना रद्द न करता बेरीज होतात. फेजमध्ये तो ३० टक्के असेल तर भार समतोल असूनही न्यूट्रलमध्ये ९० टक्के. निम्म्या आकाराच्या तारेवर हा भार, वर संरक्षणाला फ्यूज नाही. आधी तापतो तो जोड. तो सुटला की घरांचे व्होल्टेज भाराच्या प्रमाणात सरकते: जास्त भाराच्या फेजवर दिवे मंद, कमी भाराच्या फेजवर ३०० च्या पुढे, आणि तिथली उपकरणे जळतात. इमारतींतल्या तारजोडणीसाठी आयईसी ६०३६४-५-५२ ने हे केव्हाच हाताळले आहे: तिसरा हार्मोनिक ३३ टक्क्यांच्या वर गेला की केबलचा आकार न्यूट्रलच्या प्रवाहावरून ठरवायचा. रस्त्यावरच्या लघुदाब (घरांना वीज देणाऱ्या कमी व्होल्टेजच्या) वाहिनीचे मानक निम्म्या न्यूट्रलवर अडून राहिले, तर घरातली वायर सुरक्षित आणि खांबावरची धोक्यात, अशी स्थिती होते.

‘नवी उपकरणे स्वतःला सांभाळून घेतात’

स्वतःला सांभाळतात, जाळ्याला नाही. जुना हीटर व्होल्टेज दहा टक्के उतरले की दहा टक्के कमी प्रवाह घ्यायचा. वाहिनीला आपोआप उसंत मिळायची. इलेक्ट्रॉनिक पुरवठा असलेले उपकरण शक्ती स्थिर ठेवते, म्हणून प्रवाह ११ टक्के वाढवते. तारेतला ऱ्हास जवळपास २३ टक्के वाढतो आणि व्होल्टेज आणखी उतरते.

मानक मागे राहिले की काय होते, याचे जर्मनीतले उदाहरण स्पष्ट आहे. लघुदाब जाळ्यातल्या सौर इन्व्हर्टरनी वारंवारता नेहमीच्या ५० वरून ५०.२ हर्ट्झला गेली की तत्काळ बंद व्हावे, असा नियम होता. संच थोडे असताना तो योग्यच होता. पुढे ते इतके वाढले, की सगळे एका क्षणी बंद पडले असते तर मुख्य भूमी युरोपचा ३,००० मेगावॉटचा प्राथमिक राखीव साठा (अचानक तूट भरून काढायला सज्ज ठेवलेली क्षमता) अपुरा ठरला असता. २०१२ मध्ये खास आदेश काढून तीन लाखांहून अधिक संचांच्या सेटिंग्ज बदलायला घ्याव्या लागल्या. ब्रिटनमध्ये ९ ऑगस्ट २०१९ ला वीज पडल्यानंतर वितरण जाळ्यातली छोटी निर्मितीही जुन्या संवेदनशील संरक्षणामुळे तुटली, तूट वाढली आणि दहा लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. वारंवारता बदलाच्या वेगाची ०.१२५ हर्ट्झ प्रति सेकंद ही मर्यादा (जिच्यापुढे संरक्षण निर्मिती तोडते) तिथे १ हर्ट्झवर नेण्याचे काम त्या वेळी अर्ध्यात होते.

‘मानक बदलले की सगळे उखडावे लागते’

नवे मानक सहसा नव्या कामाला आणि मोठ्या फेरबदलाला लागू होते. पूर्वलक्षी सक्ती येते ती बहुतांशी जिवाच्या किंवा संपूर्ण यंत्रणेच्या धोक्यासाठी, आणि जर्मनीत दिसले तसे तिथेही बरेचसे काम सेटिंगमध्ये भागते.

वाढत्या व्होल्टेजच्या वाहिनीवर कामाचा क्रम असा असावा. ट्रान्सफॉर्मरच्या लघुदाब बाजूला आणि शेवटच्या घराशी एक आठवडा व्होल्टेज रेकॉर्डर लावा, दहा मिनिटांच्या सरासरीने. फेजचा प्रवाह ट्रू आरएमएस क्लॅम्पनेच (तारेभोवती अडकवायचा, विकृत लहरीचाही खरा प्रवाह दाखवणारा मापक) मोजा. साधा क्लॅम्प विकृत लहरीवर बराच कमी दाखवतो. मग फेजवाटप सुधारा. नंतर इन्व्हर्टरच्या सेटिंग्ज. पण लघुदाब केबलमध्ये रोध हा रिॲक्टन्सच्या (एसी प्रवाहाला चुंबकीय परिणामामुळे होणाऱ्या विरोधाच्या) कितीतरी पट असल्याने केवळ रिॲक्टिव्ह पॉवरवर (प्रत्यक्ष काम न करता ये-जा करणाऱ्या शक्तीवर) भिस्त ठेवू नका, वाढत्या व्होल्टेजला सक्रिय (प्रत्यक्ष काम करणारी) शक्ती उतरवणारी सेटिंगही सुरू हवी. त्यानंतर टॅप, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचे व्होल्टेज पायरीपायरीने बदलणारा जोड. बहुतेक वितरण ट्रान्सफॉर्मरचा टॅप पुरवठा तोडूनच बदलायचा असतो, पायरी २.५ टक्क्यांची, आणि जोडण्यापूर्वी तिन्ही फेजचे व्होल्टेजचे गुणोत्तर तपासायचे; टॅप अर्धवट बसला तर संपर्क तापून जळतो. मग पुन्हा आठवडाभर नोंद. दुपार २५३ च्या आत आली, पण संध्याकाळी टोकाचे घर २०७ च्या खाली गेले, तर टॅपने हे सुटणार नाही. तिथे तारच अपुरी आहे, आणि मोठी तार टाकावी लागेल ती फक्त तेवढ्या टप्प्यात.