बंधपत्रित डॉक्टरांसाठी हिताच्या सूचना

एमबीबीएस होऊन एका वर्षाच्या सक्तीच्या शासकीय सेवेच्या बंधपत्रावर मेळघाटातील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होणाऱ्या डॉक्टरांनो, बाळंतपणे करण्यासाठी आपल्याला तेथे धाडले आहे, हा गैरसमज सर्वप्रथम मनातून काढून टाका. ते काम सिस्टर करतात; तुमच्या हाती रेफरची, म्हणजे रुग्णाला मोठ्या रुग्णालयात धाडण्याची, चिठ्ठी असते. तिची प्रत जपून ठेवावी, कारण पुढे मातामृत्यू अन्वेषणाची बैठक बसलीच, तर तीच तुमची बाजू मांडेल.

रात्री कळा देणारी बाई आली, की रक्तदाब मोजावा, कोरकूत बोलणाऱ्या तिच्या सासूचा मराठी कागदावर अंगठा घ्यावा आणि दोघींना धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात पाठवावे. तेथे भूलतज्ज्ञ नसल्यास त्यांना हरिसाल, सेमाडोह, परतवाडा असा घाट उतरून सुमारे दीडशे किलोमीटरवरील अमरावती गाठता येते. वाटेतच बाळंत झाली, तर ते बाळंतपण १०८च्या गाडीतले. तुमच्या केंद्राची आकडेवारी स्वच्छ राहते.

अंगावरून अर्ध्या लिटरहून अधिक रक्त गेल्यास ऑक्सिटोसिन द्यावे, गर्भाशय चोळावे, झटके येणाऱ्या बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊनच गाडीत चढवावे, हे सारे तुम्हाला पाठ आहे. ते पाठच राहू द्या. हात लावला की जबाबदारी लागते.

एमबीबीएस डॉक्टरांना सिझेरियनसह तातडीची प्रसूतिसेवा आणि भूल देणे काही महिन्यांत शिकविण्याची सरकारी प्रशिक्षणे आहेत. त्यांची चौकशी चुकूनही करू नका. शिकून आलात, तर एक तर तुम्हाला खरोखरच शस्त्रक्रिया कराव्या लागतील, किंवा (आणि ही शक्यता अधिक) तुमची नेमणूक अशा ठिकाणी होईल, जेथे शस्त्रक्रियागृह असेल पण रक्त साठविण्याचा फ्रीज नसेल, आणि शिकलेले सारे वर्षभरात विसरण्याची उत्तम सोय होईल.

मेळघाटातच राहून वर्षानुवर्षे रुग्णसेवा करणाऱ्या बैरागडच्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांचे उदाहरण कोणी दिलेच, तर आदराने हात जोडावेत. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली; प्रत्येक केंद्राला दुसरा डॉक्टर, राहण्याजोगे घर आणि चोवीस तास वीज देण्यापेक्षा हा मार्ग शासनाला कितीतरी स्वस्त पडतो.

रेफर केल्यावर उरलेली रात्र पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या अभ्यासाला द्यावी. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचे प्रकरण विशेष लक्ष देऊन करावे; त्यावर गुण मिळतात.